नातीचं आणि माझं पहिलं पाणी

सन दोन हजार तेवीस. माझं वय एकाहत्तर. तोपर्यंत मी भांड्याला ओठ लावून कधी पाणी प्यायलो नव्हतो.

हे पहिल्यांदा सांगतो, कारण पुढचं सगळं त्याला धरून आहे. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात मी उभी हयात पॉलिशवर काढली. चमचे, वाट्या, पेले, तांबे. आमच्या खात्यात पाण्याचा एक माठ आणि त्यावर एकच पेला. पिणारे आम्ही सगळे. एकाने ओठ लावला की पेला उष्टा, मग दुसऱ्याने काय करायचं? म्हणून मान मागे टाकायची, पेला वर धरायचा आणि धार सोडायची. मी अख्खा तांब्या रिकामा करायचो आणि शर्टावर थेंब पडू द्यायचो नाही. नवे कामगार बघत राहायचे. कोणी पैशाचा गर्व करतो, कोणी शिक्षणाचा. माझं शिक्षण चौथी, घर नवघरला चाळीवजा बिल्डिंगमध्ये. मी पाणी पिण्याचा गर्व करायचो.

हे आजारपण लिहायला मला सना मॅडमनी सांगितलं. त्या कोण ते पुढे येईल. म्हणाल्या, "अंकल, तुमच्यासारखे हट्टी पेशंट अजून येतात. माझं ऐकत नाहीत, तुमचं ऐकतील." मला लिहायला वेळ लागतो, पण वेळ आहे. आणि काही माणसांचे आभार मला तोंडावर मानता येत नाहीत. ते इथे मानतो.

धार चुकली

उन्हाळा लागला होता. सकाळी बाजारातून बांगडे घेऊन आलो, घाम आलेला. तांब्या उचलला, मान मागे टाकली आणि धार सोडली. पाणी तोंडात कमी गेलं, छातीवर जास्त. बनियन भिजलं.

बायको कोथिंबीर निवडत होती. ती हसायला लागली. "अहो, धार चुकली तुमची? आज सूर्य कुठून उगवला?"

मला राग आला. "हसतेस काय," असं म्हणायचं होतं. पण जीभ दुसऱ्याचीच असल्यासारखी तोंडात पडून राहिली आणि बाहेर आला तो नुसता घोगरा आवाज.

सूनबाई, मनाली, आतल्या खोलीतून आली. खांद्यावर ओवी, माझी नात, साडेचार महिन्यांची. मनाली माझ्याकडे बघतच राहिली. "बाबा, जरा हसून दाखवा."

मला वाटलं, ही पण थट्टा करतेय. मी तोंड फिरवलं.

"बाबा, ऐका ना. दोन्ही हात वर करा."

उजवा गेला. डावा अर्ध्यावरून खाली आला.

"आई, बाबांना झटका आलाय. ओवीला धरा." तिने पोर सासूच्या हातात दिली आणि माझं मनगट पकडलं. लग्न होऊन पाच वर्षं झाली होती. त्या पाच वर्षांत तिने माझ्या पायांना हात लावला होता नमस्कारापुरता. मनगट धरलं ते पहिल्यांदा. मी खुणेने सांगत होतो, चहा घेतो, मग जाऊ. ती ओढत खाली घेऊन गेली. रिक्षावाला म्हणाला, "मीटर छोडो, बैठो," आणि पूनम सागरच्या हॉस्पिटलपर्यंत गर्दीतून हॉर्न वाजवत असा गेला की मला झटक्यापेक्षा त्याचीच भीती वाटली. त्याचं नाव विचारायचं राहिलं. त्याला पहिला नमस्कार.

डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्ताची गाठ अडकलीय, पण वेळेत आलात. इंजेक्शन दिलं. मुलगा नितीन कामावरून धावत आला. संध्याकाळपर्यंत डावा हात उचलायला लागला. पाय पण.

मला हे नंतर कळलं की त्या दिवशी दुपारी घरी ओवीवर रडून रडून निळी पडायची वेळ आली होती. ती फक्त आईच्या दुधावर. बायकोने फोन केला, "साखरपाणी पाजू का दोन चमचे? पोर थांबत नाही."

"नको आई. पाणी पण नको. तिला इकडे घेऊन या."

बायको पोरीला घेऊन रिक्षाने आली. मनाली खाली गेली. हॉस्पिटलच्या गेटवरच्या वॉचमनने आपली खुर्ची आतल्या कोपऱ्यात नेऊन ठेवली आणि स्वतः तिकडे पाठ करून उभा राहिला, कोणी येऊ नये म्हणून. तिथे बसून तिने पोरीला पाजलं आणि परत वर माझ्याकडे आली. त्या वॉचमनला दुसरा नमस्कार.

तोंडाने काही देऊ नये

हात वाचला, पाय वाचला. घसा राहिला.

पलंगाच्या वर पाटी लावली, तोंडाने काही देऊ नये. नाकातून नळी घातली, ती थेट पोटात. त्यातून दूध, पेज, औषध. ज्या माणसाने आयुष्यभर भांडी चमकवली त्याला जेवायला भांडंच नको, असं झालं. दुसऱ्या दिवशी मी नळी ओढून काढली. नर्सने शांतपणे परत घातली. परत घालताना काय होतं ते लिहीत नाही. एवढंच सांगतो की नळी काढू नका. माझं ऐका.

मग सना मॅडम आल्या. नया नगरला राहायच्या, मनालीच्याच वयाच्या. त्यांचं काम म्हणजे लोकांना गिळायला शिकवणं. असंही काम असतं हे मला माहीत नव्हतं. मी मनात म्हटलं, ही कालची पोर मला गिळायला शिकवणार. गिळायला काय शिकायचं?

त्यांनी माझ्या घशाच्या मण्यावर दोन बोटं ठेवली. "अंकल, थूक निगलो."

मी गिळलं. म्हणजे मला वाटलं गिळलं. मणी हललाच नाही.

"बघा," त्या म्हणाल्या. "गळ्यात दोन रस्ते. एक खाण्याचा, एक श्वासाचा. गिळताना श्वासाचा दरवाजा बंद होतो. तुमचा दरवाजा थोडा लेट बंद होतोय."

मी खुणेने पाणी मागितलं. बोट तोंडाकडे नेलं आणि मान मागे टाकून दाखवली.

"पाणी सबसे आखिर में. पाणी सगळ्यात फास्ट जातं. दरवाजा बंद होण्याआधी ते छातीत. आणि अशी मान वर केली तर रस्ता अजून उघडा." त्या हसल्या. "तुम्ही वरून पिता ना? मेरे दादा भी ऐसे ही पीते थे."

त्या दिवसापासून मला एकच गोष्ट हवी होती. जेवण नको, बांगडा नको, चहा पण नको. एक पेला पाणी, तोंडाने. ते मिळेल की नाही हे कोणी सांगत नव्हतं. मॅडम म्हणायच्या, "देखेंगे." डॉक्टर म्हणायचे, "बघू." ज्यांना हा आजार नाही त्यांना तहान म्हणजे काय ते कळणार नाही. नळीतून पोटात पाणी जायचं, पण जीभ कोरडीच राहायची. पलीकडच्या पेशंटची बायको स्टीलच्या पेल्यात पाणी ओतायची, तो आवाज ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी यायचं. तेवढंच पाणी.

दोघे नुसते बघणारे

नळीसकट घरी आलो. आमच्या घरात जेवायला सगळे एकत्र बसतात, ते बंद करा असं मी म्हणू शकत नव्हतो, आणि म्हटलं नसतंच. ताटं वाढली की घरात दोघे जण नुसते बघणारे. एक मी खुर्चीत, एक ओवी आईच्या मांडीवर. नितीनचा घास ताटातून तोंडाकडे निघाला की तिची मान त्याच्यामागून जायची. माझी पण. बायको म्हणायची, "दोघांची नजर लागेल रे तुला, नितीन."

त्यात पोरीवरून घरात आधीच धुसफूस होती. पहिल्या आठवड्यात बायकोला मध चाटवायचा होता, मनालीने नको म्हटलं. उन्हाळ्यात पाणी पाजायचं होतं, नको. भाताची पेज, नको. "सहा महिने पूर्ण होईपर्यंत फक्त माझं दूध. डॉक्टरांनी सांगितलंय." बायको गप्प बसायची आणि रात्री मला सांगायची, "आपण काय दगड खाऊन वाढवली का पोरं?" माझं मत बायकोच्या बाजूने होतं. सहा महिने पाण्याचा थेंब नाही, हे मला पटायचं नाही. माणसाला तहान लागते. आता तर मला तहानेचं चांगलंच कळत होतं.

आक्काचं तीर्थ

माझी मोठी बहीण आक्का रायगडातल्या गावाहून आली. वय ऐंशीच्या घरात, पाठीत वाकलेली, पण आवाज खणखणीत. तिच्यापुढे आमच्या घरात कोणी बोलत नाही. मी पण नाही. आल्या आल्या तिने पिशवीतून बाटली काढली. गावदेवीच्या विहिरीचं तीर्थ, तुळशीचं पान घातलेलं.

"चल, आधी पोरीला देते, मंग तुला."

मनाली पुढे झाली. "आक्का, ओवीला नको. पाणी चालत नाही तिला अजून."

"पानी नाय ता. देवाचा तीर्थ हाय."

"विहिरीचं आहे ना, आक्का. तिचं पोट बिघडेल."

"थेंबानं बिगडतंय? माझी सात पोरं या तीर्थावर वाढली. बिगडला का कुनाचा?"

"आक्का, मी नाही देणार."

नितीन मनालीवर खेकसला. "एक थेंब गं. मोठ्या माणसाचा मान ठेव ना जरा." मनालीने पोरीला छातीशी धरलं आणि खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. बायको स्वयंपाकघरात गेली, भांडी आपटायला.

आक्काचे डोळे भरले. माझ्या बहिणीचा माझ्या घरात अपमान. मला ते सहन होईना. बोलता येत नव्हतं, तर मी टाळी वाजवली. सगळ्यांनी बघितलं. मी आक्काला खूण केली, मला दे. आधी मला दे. बघू दे सगळ्यांना काय होतंय ते.

आणि आमच्या घरात कोणालाही हे सुचलं नाही. पाणी बंद आहे हे सगळ्यांना पाठ होतं. बायको चहाचा कप माझ्या जवळपास ठेवत नव्हती. नितीन दात घासताना गुळण्या करू देत नव्हता. पण तीर्थ म्हणजे पाणी, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. तीर्थ म्हणजे तीर्थ.

मी नेहमीसारखी मान मागे टाकली, आ केला. आक्काने पळी वरून ओतली. एक नाही, दोन.

गार लागलं. इतकं गोड पाणी मी आयुष्यात प्यायलो नाही. खोकला पण आला नाही. मी मनालीकडे बघितलं, जिंकल्यासारखं.

दुसऱ्या दिवशी अंगात कणकण. तिसऱ्या दिवशी ताप, आणि श्वास घेताना छातीत उकळी फुटल्यासारखा आवाज. परत रिक्षा. परत हॉस्पिटल. या वेळी काचेच्या आतली खोली आणि तोंडावर मास्क. डॉक्टर नितीनला म्हणाले, फुप्फुसात पाणी गेलंय, न्यूमोनिया. काय पाजलं?

नितीनने सांगितलं. डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, असे खूप येतात, कोणी प्रसाद देतं, कोणी तीर्थ. खोकला आला नाही म्हणजे नीट गेलं असं नसतं, झटक्यानंतर घशाला कळतच नाही.

ओठ ओले

त्या खोलीत मला भीती वाटली. मी कारखान्यात मशीनच्या पट्ट्यात हात जाता जाता वाचलोय, तेव्हा नाही घाबरलो. इथे घाबरलो. श्वास खेचून आणायला लागत होता, विहिरीतून दोराने खेचावा तसा. आणि तहान होतीच. पण आता मी पाणी मागत नव्हतो.

भेटायच्या वेळेत एकाला आत सोडायचे. मला वाटलं बायको येईल. मनाली आली. मी मनाची तयारी केली. आता ही बोलेल, आणि बोलायचा तिला हक्क आहे.

तिने नर्सकडून ओला बोळा घेतला, पिळला. "बाबा, ओठ ओले करते. गिळायचं नाही हं." माझे ओठ पुसले. जीभ पुसली. गार वाटलं.

मग बाजूला बसून म्हणाली, "आक्का रडतायत घरी. जेवत नाहीत. मी त्यांना म्हटलं, तुम्हाला काय माहीत असणार, आम्हालाच सुचलं नाही. तुम्ही बरे व्हा, नाहीतर त्या स्वतःला दोष देत बसतील."

पोरीचं नाव काढलं नाही. तीर्थाचं नाही. त्या दिवशी तिने आक्काचं ऐकलं असतं तर तेच पाणी साडेपाच महिन्यांच्या पोरीच्या पोटात गेलं असतं, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. मी हात उचलून तिच्या डोक्यावर ठेवला. डावा हात, झटक्याच्या वेळी अर्ध्यावरून खाली आलेला. त्या दिवशी वरपर्यंत गेला.

देवाला मी मानतो, आधीही मानायचो आणि आताही. त्याने मला वाचवलं असेल तर या पोरीच्या हाताने.

एकच कुकर

न्यूमोनिया उतरला, नळीसकट परत घरी आलो. सना मॅडम परत आल्या. म्हणाल्या, "अंकल, अब मेरी सुनोगे?" मी दोन्ही कान पकडले.

व्यायाम सुरू झाले. जीभ बाहेर, जीभ गालात, घशावर बोट ठेवून मणी वर उचलायचा. आवाज काढायचा. मग एक दिवस घट्ट नाचणीचं सत्त्व, चमच्याच्या टोकावर. ताठ बसायचं. हनुवटी खाली. चमचा छोटा. बोलायचं नाही. गिळायचं, परत एकदा गिळायचं, मग "आ" म्हणायचं. आवाज ओला आला, म्हणजे गुळगुळला, तर घशात काहीतरी राहिलंय. सुका आला तर बरोबर गेलं. दिवसभर आमच्या घरात "आ" चालायचं. शेजारी विचारायचे, काका गाणं शिकतायत का?

तोवर ओवीला सहा महिने पूर्ण झाले. डॉक्टरांनी तिचंही खाणं सुरू करायला सांगितलं. मॅडमनी तिला बघितलं, मान ताठ धरून उशीला टेकून बसलेली. "गर्दन संभल गई. आता ही तयार. तुमची पण संभल गई, अंकल."

आणि काय गंमत, दोघांचं जेवण एकच. मुगाची डाळ आणि भात, मऊ शिजवून घोटलेला, चमच्यावरून ओघळणार नाही असा. लाल भोपळा उकडून कुस्करलेला. नाचणी. मनालीने पहिल्या दिवशी दोन कुकर काढले, मग तिलाच हसू आलं. तिथून पुढे एकच कुकर.

पहिला घास मी तोंडात घेतला आणि थुंकायच्या बेतात होतो. "मीठ?" जीभ जड होती पण तेवढं बोललो.

"ओवीला वर्षाची होईपर्यंत मीठ नाही, साखर नाही," मनाली म्हणाली. "तुम्हाला बीपी. आज कुकर एकच आहे, बाबा."

बायको म्हणाली, "पन्नास वर्षं माझ्या आमटीत मीठ कमी म्हणून ताट सरकवलंत. घ्या आता."

ओवीला दर तीन-चार दिवसांनी एक नवीन पदार्थ. मी विचारलं, सगळं एकदम का नाही? मनाली म्हणाली, अंगावर काही उठलं तर कशाने उठलं ते कळायला नको? गाईचं दूध प्यायला वर्षानंतर. शेंगदाणे, फुटाणे अख्खे द्यायचेच नाहीत, घशात अडकतात. आधी हे ऐकलं की माझं डोकं फिरायचं. आता मी विचारून विचारून ऐकत होतो. माझ्या घशात दरवाजा आहे हे मला एकाहत्तराव्या वर्षी कळलं. तिचा तर अजून नवा आहे.

ती चमचा बघून तोंड उघडायची आणि अर्धं जिभेने बाहेर ढकलायची. माझंही डाव्या बाजूने ओघळायचं. मॅडम म्हणायच्या, "सेम टू सेम." मनाली एक चमचा तिला, एक मला, असं भरवायची. मी आधी म्हटलं, मी हाताने खाईन. हाताने घास मोठा व्हायचा. मग तोंड उघडलं. लाज वाटायची, पण समोर ओवी इतकी ऐटीत तोंड उघडायची की म्हटलं, हिला लाज नाही तर मला कशाला?

एक दिवस नाकातली नळी निघाली. मी आरशात माझं नाक किती वेळ बघत होतो.

उष्टावण

ओवीचं उष्टावण माझ्या आजारपणाने लांबलं होतं. मुलीचं विषम महिन्यात करतात, सातवा चालू होता, तो संपायच्या आत करायचं ठरलं. नितीन म्हणाला, बाबा ताटावर बसतील तेव्हाच करू. आक्काला फोन मी स्वतः केला. "ये." ती म्हणाली, "कुठल्या तोंडानं येऊ?" मी म्हटलं, "माझं तोंड वाकडं झालं होतं तरी मी तेच वापरतोय. तू आहे त्याने ये." ती आली.

त्याच सकाळी मॅडमनी घरी येऊन माझी परीक्षा घेतली. चमचा चमचा पाणी दिलं, घशावर बोटं, छातीला कान. "आ." परत. "आ." मग म्हणाल्या, "कल सुबह से पानी. वाटीने. थोडा थोडा. ओठ लावून, ठोडी नीचे. वरून नाही. समझे?"

मी हात जोडले. त्या म्हणाल्या, "हात नका जोडू, अंकल. वरून पिऊ नका, बस."

पाहुणे जमले. ओवीचा मामा वसईहून आला, पहिला घास त्याचा. ओवी जन्मली तेव्हा मी जुन्या कारखान्यात जाऊन एक छोटी वाटी स्वतःच्या हाताने पॉलिश करून आणली होती, कडा अशी की जिभेला कुठे लागणार नाही. त्या वाटीत घोटलेला भात. मामाने भरवला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

विहीणबाई म्हणाल्या, "जरा मधाचं बोट लावू का? शकुनाचं."

माझ्या तोंडून निघालं, "वर्ष होईपर्यंत मध नाही." जीभ जड, त्यामुळे अजूनच कडक वाटलं असेल. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

आक्का म्हणाली, "तू कवापासून डॉक्टर झालास रं?"

"मी पेशंट झालो, आक्का. सूनबाई डॉक्टर."

मनालीने पदर तोंडाला लावला. हसत होती की काय, दिसलं नाही.

जेवणं झाल्यावर आक्काने पिशवी जवळ ओढली. बाटली आत होतीच, मला दिसत होती. ती काढत नव्हती. मनालीने पाहिलं आणि जाऊन तिच्या शेजारी बसली.

"आक्का, तीर्थ आणलंत ना?"

"आनलंय. द्यायला न्हाय आनला. सवयीनं आला."

"उकळून गार केलं तर चालेल? आता ओवीला खाण्याबरोबर घोटभर पाणी चालतं. उद्या देऊ."

सगळं घर आक्काकडे बघत होतं. मग तिने बाटली मनालीच्या हातात दिली. "उकळ. उकळला म्हनून देव काय जळतंय?"

मनालीने ते गाळलं, पातेल्यात ओतलं आणि चांगलं खळखळू दिलं. आक्का गॅसपाशी उभी राहून बघत होती. झाकण आक्कानेच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर उठलो, दाढी केली आणि धुतलेला सदरा घातला. खुर्चीत ताठ बसलो. मनालीने ओवीला माझ्या समोर बसवलं आणि त्या छोट्या वाटीत गार झालेलं तीर्थ घेतलं. आधी ओवी. तिने कडेला ओठ लावले, एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि दुसऱ्यासाठी पुढे झुकली. पिऊन झालं तेव्हा तळाशी थोडं उरलं होतं.

"बाबा, तुम्हाला दुसऱ्या वाटीत देते."

मी मान हलवून नको म्हटलं. तीच वाटी घेतली. हनुवटी खाली केली, कडेला ओठ लावले आणि नातीचं उष्टं पाणी प्यायलो. गिळलं. परत एकदा गिळलं. सदऱ्यावर थेंब पडला नाही.

मग कोणी सांगायच्या आत मी "आ" म्हटलं. आवाज सुका होता.